मोराच्या डोळ्याखालचे तीन ठिपके

रेवती बोंद्रेने आयुष्यात लेखी अशी एकच थाप मारली, आणि तीही चोर पकडायला. थाप होती तीन ठिपक्यांएवढी. मारताना तिला इतकं हसू आलं होतं की हातातला चहा कीबोर्डवर सांडता सांडता राहिला. ते हसू आठवलं की आता तिला स्वतःचीच शरम वाटते.

कराडच्या सोमवार पेठेतल्या दोन खोल्यांतून रेवती जुन्या धातूच्या वस्तू 'हर्रास'वर विकायची. हर्रास म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा ऑनलाइन लिलाव. पूर्वी चौकात उभं राहून 'एकवार, दोनवार' ओरडायचे, आता तेच काम फोनवर चालायचं आणि ओरडण्याऐवजी वर्णन लिहावं लागायचं. बाकीचे विक्रेते 'दुर्मिळ, अप्रतिम, संग्राह्य' अशी तोफ डागून मोकळे होत. रेवती आधी दोष सांगायची. 'उजव्या दांडीला पोचा आहे. तो मी ठोकून काढलेला नाही. ही वस्तू साठ वर्षं कुणाच्या तरी हातात होती, एवढं सांगायला तो राहू द्यावा.' हे वाचून लोक पोच्यासकट वस्तू उचलायचे. बारा वर्षांत तिच्या एकाही वर्णनाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

तिचा सगळ्यात नावाजलेला माल म्हणजे तेरखोलीचे अडकित्ते. तेरखोली कराडहून एसटीने दीड तासावर, डोंगराला चिकटलेलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. तिथे गणूबा ओतारी नावाचा कारागीर मोराच्या आकाराचे पितळी अडकित्ते करून गेला. त्याचा मुलगा हणमंत आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, साऱ्या गावाचा आप्पा. घरातले अडकित्ते आप्पांनी एकेक करून रेवतीच्या हवाली केले, पण प्रत्येक वेळी तिला समोर बसवून आधी सुपारी कातरून दाखवली.

"बग. भुगा पडला का?"

"नाही, आप्पा."

"न्हाईच पडायचा. खिळा असा बशिवलाय की पातं खालच्या बैठकीला नुसतं चाटून जातं. आवाज आईक. कट् न्हाई, टिक्. माजा बा मालावर कदी खूण करत नव्हता. म्हनायचा, भुगा पडत न्हाई हीच माजी सही."

रेवतीने हे जसंच्या तसं लिहिलं. पहिला अडकित्ता गेला, दुसरा गेला, आणि सहा महिन्यांत हर्रासवर गणूबाच्या अडकित्त्यांचं पेव फुटलं.

सगळ्यात मोठा ढीग होता इचलकरंजीच्या अभिराम शेटेकडे. त्याच्या वर्णनात गणूबा होता, तेरखोली होती, पोचा होता, तो न ठोकण्याचं कारणसुद्धा होतं. फक्त वाक्य एकही रेवतीचं नव्हतं.

ही करामत होती 'पोपटा'ची, म्हणजे दुसऱ्यांच्या वर्णनांवरून नवी वर्णनं लिहून देणाऱ्या यंत्राची. नावाप्रमाणे तो वागत मात्र नव्हता. खरा पोपट ऐकलेले शब्द तसेच बोलतो, हा अर्थ उचलून शब्द टाकून द्यायचा. कुणाचंही वर्णन त्याच्यापुढे टाकलं की त्यातली माहिती तो सुटी करी, वस्तूची फोटोत दाखवता न येणारी लक्षणं गाळी, आणि उरलेली माहिती संपूर्ण नव्या भाषेत मांडी. शंभर विक्रेत्यांना शंभर वर्णनं, आणि दोन वर्णनांत चार शब्दही ओळीने सारखे सापडायचे नाहीत. कायदा शब्दांची चोरी ओळखत होता. अर्थाची ओळखत नव्हता.

रेवतीने शेटेला फोन लावला.

"शेटे, तुम्ही माझी वर्णनं चोरता."

"चोरतो? मॅडम, एक वाक्य सारखं दाखवा. आत्ताच्या आत्ता दुकान बंद करतो."

"वाक्य नाही हो. पण गणूबा, तो खिळा, तो पोचा, हे मी त्या म्हाताऱ्या माणसासमोर तासन्‌तास बसून मिळवलंय."

"मग ती माहिती झाली की! माहितीला काय दावं लावून दारात बांधता येतं? उलट त्यांच्या वडिलांचं नाव चार लोकांत गेलं. पुण्य लागेल तुम्हाला."

फोन ठेवल्यावर रेवतीचा नुसता तिळपापड झाला. त्यात शेटेचं बोलणं निम्मं खरं होतं, म्हणून जास्तच.

तिचे वडील शाळामास्तर होते. परीक्षेत नक्कल करणारी पोरं ते एका युक्तीने पकडत. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, ते म्हणायचे, चूक सारखी आली की समजावं. रेवतीला हे आठवलं आणि ती खुर्चीतच सावरून बसली. खरी माहिती शेटेला कुठूनही मिळाली असं तो म्हणू शकत होता. खोटी माहिती फक्त तिच्याकडूनच मिळाली असती. पोपटाचाच पोपट करायचा!

पुढच्या अडकित्त्याच्या वर्णनात तिने दोन वाक्यं घातली. 'गणूबाच्या अस्सल अडकित्त्याला मोराच्या डोळ्याखाली सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके असतात. झिजल्यामुळे ते बरेचदा दिसत नाहीत.' दुसरं वाक्य तिने स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी घातलं होतं. चहा सांडता सांडता राहिला तो तेव्हाच.

तीन दिवसांत शेटेच्या मालाला ठिपके फुटले. आठवड्यात आणखी चाळीस दुकानांत. रेवतीने सगळं गोळा करून हर्रासच्या तक्रार विभागाला धाडलं आणि पेढे आणावेत का, असा विचार करत बसली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'तीन ठिपके हे वस्तूविषयीचे तथ्य आहे. तथ्यावर कोणत्याही विक्रेत्याचा हक्क नसतो. ते तथ्य नसून आपण रचले असल्यास तसे कळवावे. शेटे यांच्यासह सर्व नकला काढून टाकण्यात येतील, आणि खोट्या वर्णनाबद्दल आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल.'

दोन दिवस ती ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. शेटेला पकडायचं तर आधी आपण खोटं लिहिलं हे सांगायला हवं होतं. बारा वर्षांत मिळवलेला विश्वास, वर्णनाखालच्या तिच्या नावाची पत, सगळं त्या एका ओळीवर जाणार होतं. तिसऱ्या दिवशी तिने कळवलं, 'तक्रार मागे घेते.' ठिपक्यांची वाक्यंही तिने काढली नाहीत. लगेच काढली तर कुणाला तरी संशय येईल, सावकाश काढू, असं स्वतःला समजावलं. पुढे ते राहूनच गेलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली.

चार वर्षांत ठिपके आधी शब्दांत पसरले, मग पितळेत उतरले. ठिपके नसतील तर गिऱ्हाईक नाक मुरडायचं, म्हणून विक्रेते जुन्या अडकित्त्यांवर ठिपके पाडून घेऊ लागले. कुठल्याशा कारखान्यातून ठिपक्यांसकट ओतलेले नवे कोरे मोर निघाले. 'झिजल्यामुळे बरेचदा दिसत नाहीत' हे वाक्य कुठल्याच पोपटाने उचललं नव्हतं, कारण न दिसणारी गोष्ट फोटोत दाखवता येत नाही. भुगा न पडण्याचंही तेच झालं. रेवतीकडून खरे अडकित्ते नेलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर कौतुकाने कळवलं होतं, "ठिपके झिजले होते, ते मी सोनाराकडून पुन्हा ठळक करून घेतले हं!" त्या रात्री रेवती जेवली नाही.

आणि मग 'पारखी' आला.

पारखी म्हणजे वस्तूचा फोटो बघून ती कुठली, कुणी केलेली, अस्सल की नकली हे सांगणारं यंत्र. त्याला कुणी माणसाने शिकवलं नव्हतं. लिलावांतली कोट्यवधी वर्णनं आणि फोटो वाचून ते आपलं आपण शिकलं होतं. कशावर विश्वास ठेवायचा, याचा त्याचा नियम साधा आणि शहाणपणाचा होता. एकमेकांना न ओळखणारी पुष्कळ माणसं आपापल्या शब्दांत तीच गोष्ट सांगत असतील, तर ती खरी. शब्द सारखे आले तर ती नक्कल धरायची आणि सगळ्यांची मिळून एकच साक्ष मोजायची. नक्कल करणाऱ्यांपासून वाचायची एवढी सोय त्यात होती. पण पोपटांनी प्रत्येक नकलेला नवे शब्द दिले होते. त्यामुळे पारखीच्या हिशेबी त्या तीन ठिपक्यांना अकरा हजार चारशे स्वतंत्र साक्षीदार होते. ते सगळे एकाच तोंडातून निघाले आहेत हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

त्या वर्षी सरकारने 'कारागीर नोंदवही' उघडली. गेलेल्या कारागिराची एक तरी अस्सल वस्तू दाखवली, आणि पारखीने तिला होकार दिला, की त्याचं नाव, गाव, काम कायमचं नोंदलं जाणार होतं. पहिली यादी संक्रांतीला बंद होणार होती. आप्पांचा फोन आला.

"पोरी, ये गं. बाचं नाव लावू. सातबाऱ्यावर त्येचं नाव कदी लागलं न्हाई, जमीनच न्हवती तर काय लागनार? हितं तरी लागू दे. माजं आता काय खरं न्हाई."

रेवतीला ठिपके आठवले. तरी ती गेली.

आप्पांच्या घरात एकच अडकित्ता उरला होता. गणूबाने बायकोसाठी, म्हणजे आप्पांच्या आईसाठी केलेला. तो विकायचा विषय आप्पांनी कधी काढू दिला नव्हता. दांड्या हाताने गुळगुळीत झालेल्या, मोराची मान जरा वाकडी. आप्पांनी तो चिरगुटाने पुसून उन्हात धरला. रेवतीने फोटो काढला आणि पारखीपुढे टाकला.

'तेरखोली शैलीची आधुनिक नक्कल. खात्री ९६ टक्के. कारण: मोराच्या डोळ्याखाली तीन ठिपके नाहीत.'

"काय म्हंतंय?"

रेवतीने वाचून दाखवलं.

"ठिपकं?" आप्पा हसलेच. "आन् कसलं ठिपकं? ह्या घरात जल्म गेला माजा, म्या कदी ठिपकं बगितलं न्हाईत."

मग तिने सांगितलं. शेटे, पोपट, वडिलांची युक्ती, हर्रासचं पत्र, चार वर्षांचं मौन, सगळं. मध्ये एकदाही तिने वर पाहिलं नाही. 

"माज्या बाच्या नावानं खोटं लिवलंस," आप्पा म्हणाले. ते विचारत नव्हते.

"हो, आप्पा."

"त्या चोरानं खरं चोरलं हुतं. खोटं तू घातलंस."

रेवतीला रडू फुटलं. आप्पांनी तिला गप्प केलं नाही, पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "जा. मिटवून ये."

मिटवायला ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. नोंदवहीच्या अधिकारी शबाना मुजावर या मन लावून ऐकणाऱ्या बाई होत्या. त्यांनी रेवतीचं चार पानी निवेदन पूर्ण वाचलं.

"बोंद्रेताई, मला तुमचं पटतंय. पण मला पटून उपयोग नाही. शेरा पारखीचा लागतो."

"मग पारखीला सांगा ना!"

"काय सांगू? अकरा हजार चारशे एका बाजूला, तुम्ही एकट्या दुसऱ्या. आणि तुमचं म्हणणं काय, तर मी खोटं लिहिते." त्यांनी कागद हळूच परत केला. "राग मानू नका. जिथे लिहिलंत तिथेच खोडून बघा. तो तिथूनच शिकतो."

रेवतीने त्याच संध्याकाळी आपल्या हर्रासच्या दुकानात, सगळ्यात वरच्या वस्तूखाली, आयुष्यातलं सगळ्यात अवघड वर्णन लिहिलं. 'दोष: हे तीन ठिपके मी रचले. चार वर्षांपूर्वी, नक्कल पकडण्यासाठी. गणूबा ओतारी यांनी कधीही खूण केली नाही. चूक माझी आहे आणि मी ती लपवली.' खातं बंद होणार हे तिला ठाऊक होतं. लिहून झाल्यावर कितीतरी वर्षांनी तिला हलकं वाटलं.

खातं दोन दिवसांनी बंद झालं; नकला मात्र तशाच राहिल्या, कारण एकदा मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येत नव्हती. पण पोपटांना दोन दिवस रगड झाले. रेवतीच्या वर्णनांवर बोली चढते हे त्यांना जुनं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिने खात्याशिवाय, नुसतं बघायला हर्रास उघडलं तर नऊशे दुकानांत कबुलीजबाब लागलेले. 'ठिपके ही आमचीच कल्पना, असे मोकळेपणाने मान्य करणारे विश्वासू दुकान.' 'चूक आमची, मोर तुमचा!' एकाने तर कबुलीखाली वीस टक्के सूट लावली होती.

तिने शेटेला फोन केला. भांडायचं त्राण नव्हतं, निदान एकाने तरी खरं सांगावं एवढीच इच्छा होती.

"शेटे, ते ठिपके मी रचले होते. तुम्हाला तरी माहीत असेल."

"वाचलं ना मॅडम. फार सुंदर लिहिलंय. पण रचले कसे असतील? माझ्याकडे आजवर चाळीस अडकित्ते आले ठिपक्यांचे. हातात घेऊन बघितलेत मी." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

मुजावर बाईंनी पारखीला अडकित्ता पुन्हा दाखवला आणि उत्तराची प्रत रेवतीला पाठवली. 'ठिपके रचल्याची विधाने: विक्रेत्यांत रूढ असलेली नम्रतेची शब्दरचना. विचारात घेतली नाहीत. शेरा कायम.' खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'माफ करा.'

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो कागद घेऊन रेवती तेरखोलीला पोहोचली. आप्पा ओसरीवर पोतं अंथरून बसले होते. पुढ्यात लाकडी ठोकळा, हातोडी, आणि टोकाचा पोगर, म्हणजे धातूवर ठिपका पाडायचं बोटभर लोखंड. तिने कागद काढायच्या आतच ते म्हणाले, "न्हाई म्हनलं न्हवं? मला वाटलंच."

"आप्पा, नका. राहू द्या. खरा आहे तो."

"खरा हाय हे तुला ठावं आन् मला ठावं. मी अजून किती दीस? तुजं तर आता कोन आईकतच न्हाई." त्यांनी अडकित्ता ठोकळ्यावर आडवा धरला. "मला नीट दिसत न्हाई. तू जागा दाव. आन् सांग, वर दोन खाली एक, का वर एक खाली दोन?"

रेवतीने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला ठाऊक नाही. तिने नुसते 'तीन ठिपके' लिहिले होते. मांडणी तिने रचलीच नव्हती. ती पोपटांनी केव्हातरी ठरवली होती. तिने फोन काढला, शेटेचं दुकान उघडलं, फोटो मोठा केला.

"वर दोन," ती म्हणाली. "खाली एक."

"बग नीट. चुकायला नगो."

"नाही चुकत. बघून सांगतेय."

तिने बोटाने जागा दाखवली. आप्पांनी तीन घाव घातले. ठिपके शेटेच्या मोरासारखेच उमटले. रेवतीने फोटो काढून पाठवला. शेरा यायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही.

'अस्सल. तेरखोली. खात्री ९८ टक्के. नोंद स्वीकारली.'

"नाव वाच."

"गणूबा रामा ओतारी, तेरखोली. अडकित्ता कारागीर."

"परत वाच."

तिने परत वाचलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि ओठांतल्या ओठांत ते नाव एकदा म्हटलं. मग सवयीने त्यांनी पानाच्या डब्यातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली.

कट् आवाज आला.

सुपारी फुटून तिचे खडे उडाले आणि आप्पांच्या धोतरावर भुगा सांडला. आप्पांनी दुसरी सुपारी घेतली. पुन्हा तेच. त्यांनी अडकित्ता कानाशी धरून उघडमीट केला. तीन घावांनी खिळा हलला होता, पातं बैठकीला चाटून न जाता तिच्यावर आपटत होतं. तो खिळा पुन्हा बसवणारा माणूस आता फक्त नोंदवहीत होता.

 मग त्यांनी भुग्याची चिमूट तळहातावर घेतली आणि तो हात रेवतीपुढे केला.

"लिव," ते म्हणाले. "तू आदी दोष लिवतीस न्हवं? लिव की."

रेवतीने फोन हातात घेतला. कुठेही लिहिलं असतं तरी आठवड्याभरात हजार जणांनी लिहिलं असतं, की गणूबाच्या अस्सल अडकित्त्यात सुपारीचा भुगा पडतो. तिने फोन पालथा ठेवला आणि आप्पांच्या धोतरावरचा भुगा एकेक कण करून वेचायला लागली.